जोड दिसणार

सॅचवेल आधी नळ्या वाजवून बघतो.
बुडाखालच्या खुरात बोट अडकवून
अधांतरी धरतो,
आणि दुसऱ्या हाताच्या जाड पिवळ्या नखानं एक टिचकी.
नाद लांबत गेला तर डाख शाबूत.
मधेच बसला तर पट्टी कुठंतरी सुटलीय,
आत गंज शिरलाय.

प्रॉबर्टबाईंची दुनळी
नुसती ठप् म्हणाली.

बाई वेल्शपूलकडच्या.
लायसन्स आधी टेबलावर ठेवलं, मग बंदूक,
नवऱ्याच्या रेनकोटात गुंडाळलेली.
नळ्यांच्या भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्या.
"हिचा बार काढायचा तर डावा हात
घरी ठेवून या," सॅचवेल म्हणाला.
बाई हसल्या नाहीत.

बर्मिंगहॅमच्या लव्हडे स्ट्रीटवर, मागच्या अंगणातल्या खोलीत
मी तीन वर्षं हेच शिकतोय :
नळी बुडाशी कशी धरते.
एक कुऱ्हाडजोड. नळी घडवतानाच
तिच्या पोटाशी अर्धा खूर ठेवायचा, पात्यासारखा,
मग दोन कुऱ्हाडी पोटाला पोट लावून
तारेनं आवळायच्या, टाकणखार, पितळ, भाता,
आणि पितळ पाण्यासारखं पळेपर्यंत श्वास धरायचा.
दुसरी रीत गरिबाची. खूर वेगळा,
पारव्याच्या शेपटीसारखा खाचेत सरकवलेला.
"माझ्या बापानं शेकड्यानं केल्या, एक परत आली नाही."
कानस थांबते.
"आल्या त्या दुकान बंद झाल्यावर."

तिसरी, बाईंसाठी :
नळ्या बुडापासून तीन इंचांवर कापायच्या.
बूड ठेवायचं. खूर, जुने छाप,
शंभर वर्षं उघडून मिटून बसलेली ती सांध.
ते आतून कोरून नव्या नळ्या घालायच्या
आणि वर ठोकून सांगायचं, कायद्यानं,
की ही जोडलेली आहे.

"जोड दिसेल?"
"दिसणार. दोन गल्ल्या पलीकडे
वर वेलबुट्टी कोरून लपवून देतात. मी नाही."
बाईंनी रेनकोटाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.
"मग दिसू दे."

करवत माझ्याकडे होती.
पट्टी उकलली तेव्हा खाली, राळेच्या काळ्या पापुद्र्यात,
सुईनं ओरखडलेली दोन अक्षरं,
आणि एक छोटा मासा.
"कोण हा?"
सॅचवेलनं खांदे उडवले. "डाख देणारा कुणीतरी.
त्यांची नावं वरच्या बाजूला येत नाहीत."

मग काजळी. रॉकेलच्या दिव्यावर बूड धरायचं,
बसवायचं, काढायचं, काळं लागलं तेवढंच घासायचं.
नऊ दिवस.
याला आम्ही काजळ म्हणतो, सांगितलं मी.
काजल, म्हणाला तो. नळी? नली.
राळ? राल.
"तुमच्या त्या अक्षराला
जिभेचा खूर लागतो बुवा."

नव्या नळ्या समांतर वाटतात, नसतात.
पुढं किंचित एकमेकींकडे झुकवाव्या लागतात,
चाळीस यार्डांवर दोन्ही बार एका जागी पडावेत म्हणून.
किती झुकवायचं, हे सॅचवेल
एक डोळा मिटून ठरवतो,
आणि विचारलं तर चहा टाकायला सांगतो.

पट्टी बसवायच्या आधी त्यानं सुई माझ्यापुढे सरकवली
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
मी काय ओरखडलं, ते तिथंच आहे, कथलाखाली.

प्रूफ हाउसमधून ती सोमवारी आली,
दुप्पट दारू पचवून, नवा छाप घेऊन.
टिचकी मारली. नाद
घासणीच्या यंत्रावरून, केटलीवरून
दारापर्यंत गेला.

बाईंनी तो ऐकला की नाही, कळलं नाही.
बोटानं जोडाची रेघ चाचपली, पैसे मोजले,
आणि कापलेल्या जुन्या नळ्या मागितल्या.
"त्यांचं काय करणार?"
"घेवडा लावलाय. वेलाला काहीतरी लागतंच ना."